स्वस्त हँडसेट उघडून घरी नोड बनवला, त्याचा माझा अनुभव

अमळनेरला आमच्या गच्चीवरून हँडसेटवर एकही रिपीटर, म्हणजे आपला आवाज ऐकून लांबपर्यंत पुन्हा हवेत सोडणारं स्टेशन, उघडत नाही. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यासाठी एएसओसीची परीक्षा रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या ग्रेडची दिली, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाईन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, हातात आलं तेव्हा घरात पेढे वाटले, पण नंतर कित्येक महिने गच्चीवर उभं राहून कॉल द्यायचा आणि समोरून नुसती खरखर ऐकायची असंच चाललं होतं. तेव्हा हॅमचे रेडिओ इंटरनेटवरून जोडणाऱ्या ऑलस्टारलिंकचं वाचलं आणि ठरवलं की आपणच घरी नोड करायचा.

नोड म्हणजे थोडक्यात असं, की एक छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबी साऊंड कार्ड आणि त्याला जोडलेला एक रेडिओ. अंगणातून हातातल्या सेटवर बोललं की घरातला रेडिओ ते ऐकतो, कॉम्प्युटर तो आवाज इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या नोडला देतो आणि तिकडचा रेडिओ तो हवेत सोडतो. खाली अ‍ॅस्टेरिस्क नावाचं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याच्यावर जिम डिक्सन यांनी लिहिलेलं अ‍ॅप-आरपीटी. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. टेलिफोनच्या एक्स्चेंजला रिपीटर करायचं सुचणं आणि ते करून सगळ्यांना वापरायला देऊन टाकणं ही लहान गोष्ट नाही.

रेडिओ घेतला बाओफेंगचा बीएफ-८८८एस. १६ चॅनल, यूएचएफ, ना डिस्प्ले ना कीपॅड. लग्नात केटरिंगवाल्यांच्या कमरेला असतो तोच. नोडला एवढंच लागतं, कारण तो एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून राहणार. पण एक सांगतो, बॉक्समधून काढल्यावर त्यात जे चॅनल भरलेले असतात ते आपल्या बँडच्या बाहेरचे असतात, त्यावर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायची नाही. आपल्याकडे हॅमला यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे, त्यातलं ४३५ च्या वरचं सॅटेलाईटवाले वापरतात, म्हणून मी ४३४ आणि ४३५ च्या मधली एक मोकळी जागा आठवडाभर ऐकून मग निवडली. चर्प सॉफ्टवेअरने प्रोग्राम केलं, लो पॉवर ठेवली, आणि तीन गोष्टी आठवणीने बंद केल्या: व्हॉक्स (आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट), चॅनल बदलल्यावर बोलणारी बाई आणि बॅटरी सेव्हर. बॅटरी सेव्हर चालू राहिला तर रेडिओ मधेमधे डुलकी घेतो आणि समोरच्याचं पहिलं अक्षर खातो, "नमस्कार" चं "मस्कार" होतं. हे मला कळायला दोन दिवस लागले होते.

साऊंड कार्डचं आधी सांगतो कारण तिथे पैसे वाया गेले. सीएम१०८ चिप असलेलं यूएसबी साऊंड कार्ड लागतं. पहिलं आलं त्याच्यात चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा. त्याला पायच नाहीत, तर वायर कुठे लावणार. दुसरं जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन स्वतः बघून घेतलं, वर आवाज कमीजास्त करायची बटणं असलेलं. बटणांचा फायदा असा की आपल्याला लागणारी एक लाईन, म्हणजे व्हॉल्यूम डाऊन, चिपच्या पायावर न शोधता बटणाच्या जाड पॅडवर मिळते. दुसरी लाईन मात्र पाय नंबर १३ वरूनच घ्यावी लागते. त्या चिपला चारी बाजूंनी मिळून ४८ पाय, दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. जुन्या इअरफोनच्या वायरमधला एक तार घेतला, टोक जाळून साफ केलं, भरपूर फ्लक्स लावलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त टेकवून उचललं. चौथ्या वेळी बसलं आणि बसल्याबसल्या त्याच्यावर हॉट ग्लूचा थेंब टाकून दिला, नाहीतर जरा ओढ बसली की पायासकट निघून येतो.

त्या १३ नंबरच्या पायावरून २एन२२२२ ट्रान्झिस्टरच्या बेसला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राऊंडला, कलेक्टर रेडिओच्या पीटीटीच्या बटणाच्या पॅडला. कॉम्प्युटर सांगेल तेव्हा ट्रान्झिस्टर बटण "दाबतो". हे पहिल्याच झटक्यात चाललं.

खरं काम पुढे होतं. कॉम्प्युटरला बोलायला लावणं सोपं आहे, आत्ता कोणीतरी बोलतंय हे त्याला कळवणं अवघड आहे. या सिग्नलला सीओएस म्हणतात आणि ८८८ मध्ये तो बाहेर कुठेच काढलेला नाही, आपल्याला शोधावा लागतो. मी आधी सोपा रस्ता धरला. रिसीव्ह झालं की वरचा हिरवा एलईडी लागतो, तिथून वायर काढली. चाललं पण! रात्री अकरापर्यंत खूश होतो. सकाळी लॉग बघितला तर नोड रात्रभर मधूनमधून उघडत होता, कारण हिरवा दिवा कुठल्याही कॅरिअरला, म्हणजे आलेल्या रेडिओलहरीला लागतो, सीटीसीएसएस टोन (ओळखीसाठी आवाजासोबत जाणारा खर्जातला सूर) जुळो न जुळो. टोन नसला तर स्पीकर गप्प राहतो, पण दिवा लागतोच. म्हणजे शेजारच्या एलईडी बल्बचा कचरा जरी आला तरी माझा नोड समजणार की कोणीतरी बोलतंय. दुसऱ्या गावच्या लोकांच्या कानात रात्रभर माझ्या घरची शांतता जात राहिली असती. कोणाला कनेक्ट नव्हतो म्हणून वाचलो.

आमच्या गल्लीत नाना राहतात, तीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं त्यांनी. मी ओट्यावर सेट उघडून बसलेलो, ते आले, चष्मा वर केला, "हाई काय करी राहिना रे भो?" मी सगळं सांगितलं. नाना हॅम नाहीत, ऑलस्टार त्यांना माहीत नाही, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला: "टोन नसला का स्पीकर गप्प राहतो ना, मग त्याले गप्प कोण करतो?" झालं! स्पीकरच्या अगोदर ऑडिओ अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणारा आयसी असतो आणि रेडिओ बॅटरी वाचवायला त्याला गरजेपुरतंच चालू करतो. म्हणजे त्याला चालू करणारी लाईन हाच माझा सीओएस.

मग नाना मल्टिमीटर धरून बसले आणि मी अंगणाच्या टोकाला दुसरा सेट घेऊन. टोनसहित दाब, टोनशिवाय दाब, सोड, परत दाब. बोर्डावर एकेक जागा तपासायची, मिनिटभरात सोडायचं कारण उगाच हवेत कॅरिअर धरून ठेवणं बरोबर नाही, आणि प्रत्येक वेळी कॉलसाईन द्यायचं. दीड तास गेला. आई दोनदा चहा ठेवून गेली. शेवटी अँपच्या जवळ एक बिंदू सापडला, टोन जुळला की तीन व्होल्टच्या वर, नाही जुळला की शून्य, दिवा लागलेला असला तरी शून्य. नानांनी तिथे पांढऱ्या शाईने ठिपका दिला. तो ठिपका आजपण आहे.

तिथून १० किलोओहम, दुसरा ट्रान्झिस्टर, आणि त्याचा कलेक्टर साऊंड कार्डच्या व्हॉल्यूम डाऊनच्या पॅडला. सिग्नल आला की ती लाईन ग्राऊंडला जाते, म्हणून साऊंड कार्ड सांभाळणाऱ्या सिंपलयूएसबीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये कॅरिअरफ्रॉमच्या पुढे यूएसबीइन्व्हर्ट लिहावं लागतं. नुसतं यूएसबी लिहिलं तर सगळं उलटं चालतं, कोणी बोलत नसताना नोडला वाटतं बोलताहेत.

आवाजाचं थोडक्यात. साऊंड कार्डचं आउटपुट रेडिओच्या माईकला फार जास्त होतं, मधे ४७ किलोओहम आणि एक कपॅसिटर टाकला आणि मग ट्यून मेन्यूमधून बसवलं. पहिल्यांदा ट्रान्समिटमध्ये भुंग्यासारखा घुंईई आवाज यायचा, अँटेना साऊंड कार्डला खेटून होती त्यामुळे. वायरी आखूड केल्या, फेराईट लावले, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर आतच जिरवणारा रेझिस्टर) बसवला, आवाज गेला. घर-अंगणापुरतं बोलायचं असेल तर डमी लोड पुरतो, हे कोणालाच खरं वाटत नाही पण करून बघा.

पॉवरचं मात्र नीट करा. रेडिओची बॅटरी ३.७ व्होल्टची, मी तिच्या रिकाम्या कवचातून वायरी काढून व्होल्टेज खाली आणणाऱ्या बक कन्व्हर्टरने ४ व्होल्ट दिले. आधी तो कन्व्हर्टर रास्पबेरी पायच्याच, म्हणजे नोडच्या छोट्या कॉम्प्युटरच्याच ५ व्होल्टवर जोडला होता, पीटीटी लागली की करंट ओढला जायचा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट. आता दोघांना वेगवेगळे कन्व्हर्टर आणि मागे १२ व्होल्टची बॅटरी. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा नोड चालू राहतो, रूटरलापण त्याच बॅटरीवर घेतलंय.

इंटरनेटवाल्याने पब्लिक आयपी दिलेला नाही, त्यामुळे ऑलस्टारला लागणारा ४५६९ पोर्ट उघडता येत नाही, बाहेरून कोणी मला कनेक्ट करू शकत नाही. मी बाहेर करू शकतो, तेवढं पुरे आहे सध्या. ८८८ ला कीपॅड नाही म्हणून आकडे हातातल्या दुसऱ्या सेटवरून दाबायचे: तारांकन ३ आणि नोड नंबर म्हणजे जोड, तारांकन १ आणि नंबर म्हणजे तोड.

पहिली टेस्ट पॅरटवर केली, आपण बोललेलं तो परत ऐकवतो. कॉलसाईन दिलं, "अमळनेर, खान्देश" म्हणालो, सोडलं. दोन सेकंद काही नाही. मग हातातल्या सेटमधून माझाच आवाज आला, स्वच्छ, एक अक्षर न खाता. नाना शेजारी उभे होते. मी सेट त्यांच्या कानाला लावला.

पुढे डमी लोड काढून गच्चीवर क्वार्टर वेव्ह ग्राऊंड प्लेन अँटेना बसवली, साधारण १७ सेंटीमीटरच्या पाच काड्या, एक उभी चार खाली तिरप्या. आता बोरी नदीच्या पलीकडे आमच्या कपाशीच्या शेतातून नोड उघडतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत सेट फार तापायचा म्हणून टाईमआऊट टायमर (सलग किती वेळ बोलता येईल ती मर्यादा) ६० सेकंदांवर आणलाय आणि मागच्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक थर्मल पेस्ट लावून बसवलाय. लांब बोलणारे दोघंतिघं आहेत, ते मधेच कापले जातात, त्यांना आधीच सांगून ठेवतो.

दुसरा ८८८ आणून ठेवलाय, धुळ्याच्या एका मित्रासाठी. त्याचा परवाना यायचाय, तोवर नुसतं रिसीव्ह आणि सोल्डरिंग. रविवारी नानांच्या ओट्यावर उघडणार आहोत, ठिपका कुठे द्यायचा ते या वेळी माहीत आहे.