एफआरपी शेतकऱ्याला, कोयत्याला काय?

2025-26 च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला 3550 रुपये. पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 जादा. कोल्हापूरकडच्या कारखान्याचा उतारा 12.25 धरला तर 4242 रुपये. शेतकऱ्याच्या हातात येतात ते तोडणी-वाहतूक खर्च वजा जाऊन. बिल 14 दिवसांत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. (व्याज मागतो कोण, हा भाग वेगळा.)

गोम आहे ती वजावटीत. त्यातली तोडणीची रक्कम मजूर पुरवणाऱ्या मुकादमामार्फत बीडकडच्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळते, तीही आगाऊ घेतलेली उचल फेडून. दर करारावर ठरतो. एफआरपीसारखं कायद्याचं कवच त्याला नाही. मजुरी थेट खात्यात, बाईचा वाटा तिच्या नावे जमा करणं, सुधारणा इथून सुरू व्हायला हवी.