डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न

उपवनला सकाळी फिरताना, सोसायटीच्या सभेत, परवा तर लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न आला: "साहेब, तुमचा एखादा निकाल कधी चुकला का हो?" निवृत्त झाल्यापासून मी एकच उत्तर देत आलो, "चुकला तर वर हायकोर्ट आहे." तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

2001 साल. मी दुसऱ्या जिल्ह्यात अतिरिक्त सत्र न्यायाधीश होतो. जळून मेलेल्या सुनेचा खटला. मृत्युपूर्व जबाब नायब तहसीलदारांनी घेतलेला, त्यात नवऱ्याचं नाव स्पष्ट. दोन्ही हात भाजलेले, म्हणून सहीच्या जागी डाव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा. शाई एका कडेला फासलेली. वर डॉक्टरांचा शेरा: 'पेशंट शुद्धीवर आहे.' बस, एवढंच. जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे, असं लिहिलेलं नव्हतं.

बचावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा पापारंबाका रोसम्मा निवाडा पुढे ठेवला. शुद्धीवर असणं वेगळं, मनःस्थिती ठीक असणं वेगळं. त्याच वर्षीचा कोळी चुनीलाल सावजी निवाडा उलट सांगत होता, सरकारी वकिलांनी तोही दिला. शेजारी फितूर झालेले. मी रोसम्मा धरला आणि संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडलं.

मुलीची आई मागच्या बाकावरून उठली. "साहेब, ती शुद्धीत होती हो. पोराला दूध पाजलं का, म्हणून विचारलं तिनं मला." सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी बेंच क्लार्कना पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

ऑगस्ट 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावाचून अडत नाही. रोसम्मातली भूमिका चूक ठरली. तोवर माझ्या निकालाला वर्ष होऊन गेलं होतं. सरकारनं अपील केलं नाही. पीडिताच्या घरच्यांना स्वतः अपील करायचा हक्क मिळाला तो 31 डिसेंबर 2009 पासून. 'वर हायकोर्ट आहे' हे त्या आईपुरतं खरं नव्हतं.

तेव्हा कायदाच तसा होता, असं मी स्वतःला खूप वर्षं समजावलं. पण डॉक्टर माझ्यासमोर पिंजऱ्यात उभे होते. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 165 खाली न्यायाधीशाला कुठलाही प्रश्न विचारता येत होता. 'बाई नीट समजून बोलत होत्या का?' एवढंच विचारायचं होतं. सरकारी पक्षाची फट न्यायाधीशानं बुजवू नये, म्हणून गप्प राहिलो. ते मला आजही पुरतं चूक वाटत नाही. न्यायाधीशच सरकारी वकिलाचं काम करू लागला, तर आरोपीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

पुढे प्रत्येक जळिताच्या खटल्यात डॉक्टर साक्षीला आले की तो प्रश्न मी विचारत गेलो. एकदा बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली. मी ती नोंदवून घेतली, आणि प्रश्न विचारला.