डेकवरचे तारे, नोंद चौथी : झोका टोकाला थांबतो तेव्हा

मंडळी, काल रात्री पहिल्यांदा फोटोत तारे गोल आले. जहाजावरून नव्हे, अंबाजोगाईच्या आमच्या गच्चीवरच्या लोखंडी झोपाळ्यावरून. पण डुलत्या जहाजाच्या डेकवरून ताऱ्यांचे नीट फोटो कसे काढायचे, यावर दीड महिना अडलेलं गाडं हललं.

पौष अमावास्येच्या जहाजफेरीत मोठा मॅगेलॅनिक मेघ, म्हणजे आपल्या शेजारची छोटी दीर्घिका, डोळ्यांनी पाहिला, हे मागे लिहिलंच आहे. आपल्या इथून तो क्षितिजावर जेमतेम दीड अंश येतो आणि बालाघाटच्या धुरळ्यात बुडतो. लक्षद्वीपहून कोचीकडे जाताना, साडेदहा अक्षांशाजवळ, रात्री सव्वादहाला तो साडेनऊ अंशांवर होता. व्याधापासून अगस्त्यापर्यंतचं अंतर घ्या, त्याच्या निम्मं त्याच दिशेने आणखी खाली या आणि किंचित उजवीकडे सरका. काळ्या पाण्यावर पिंजलेल्या कापसाचा पुंजका ठेवावा तसा दिसला. मी कठड्याशी किती वेळ उभी होते, आठवत नाही.

फोटोंचं मात्र मातेरं झालं. २१२ फ्रेम, प्रत्येक तारा स्वल्पविरामासारखा. इंजिनाची थरथर हे कारण नव्हतं. ट्रायपॉडखाली चौपदरी घोंगडी घातल्यावर ती बरीचशी थांबली होती. (रेलिंगला क्लॅम्प लावायची कल्पना कायमची सोडा, रेलिंग सर्वांत जास्त थरथरतं.) खरा त्रास जहाजाच्या डुलण्याचा. एक पूर्ण झोका सुमारे १६ सेकंदांचा, दोन्हीकडे दीडेक अंशाचा. ५० मिमी लेन्सवर अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये, झोक्याच्या मध्यावर तारा साठेक पिक्सेल ओढला जातो. जहाजाच्या मध्यभागी बसा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. पोटाला तो चांगला, फोटोला त्याचा उपयोग नाही. जहाज कलतं तो कोन सगळीकडे सारखाच असतो.

उत्तर झोपाळ्यावर सापडलं. पुतणी झोका देत होती, मी मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी आणि तिच्यावर कॅमेरा घेऊन मृगाकडे रोखून बसले होते. झोका टोकाला जातो तिथे तो क्षणभर थांबतो, मगच परततो. तेच गणित जहाजाला लावून पाहिलं : टोकाच्या अर्ध्या सेकंदात तारा दोन पिक्सेलसुद्धा हलत नाही! झोपाळ्याचा झोका तीन सेकंदांचा, म्हणून शटरही त्याच प्रमाणात कमी करून एक दशांश सेकंदावर ठेवलं. झोका टोकाला आला की पुतणी ओरडायची, "काकू, आत्ता!" चाळीसपैकी अकरा फ्रेममध्ये मृगाच्या पोटातले तिन्ही तारे टाचणीच्या टोकासारखे आले. रात्री दीड वाजता तिला उठवून दाखवले.

आता बटण हाताने दाबायचं, की सलग फोटो घेऊन नंतर निवडायचे? माझं मत सलगच्या बाजूने. सिरिलमध्ये (ताऱ्यांचे फोटो एकावर एक रचणारं मोफत सॉफ्टवेअर) ताऱ्यांच्या गोलाईवरून फ्रेम गाळता येतात. एका तासात टोकाच्या साडेचारशे फ्रेम मिळाल्या तरी पावणेचार मिनिटांचा प्रकाश जमतो, आणि लेन्स एफ १.८ इतकी मोठी उघडी असताना तो कमी नाही. पुण्याहून मागवलेलं इंटर्व्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारं यंत्र) इथे कुचकामी, कारण दोन फोटोंत ते किमान एक सेकंद सोडतं आणि नेमकं टोक निसटतं. साधा लॉक होणारा केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबून धरणारी वायर, घ्या.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. कोचीच्या वाटेवर जहाज पूर्वेकडे चाललं होतं, मेघ अगदी उजव्या अंगाला, म्हणून सगळं डुलणं त्याच्यावर आलं. मुंबईहून खाली उतरताना जहाजाचं तोंड दक्षिणेला असतं. मेघ तेव्हा नाकासमोर! मग डुलण्याने चित्र स्वतःभोवती फिरेल, कडेचे तारे ओढले जातील, पण मधले फारसे नाहीत. पुढेमागे हिंदकळणं उरतं, ते लांब जहाजाला कमी. अडचण एकच, त्या रात्री गोवा ओलांडल्यावरही तो पाच-सहा अंशांवरच असेल. तरी पुढच्या पौषातल्या फेरीत मी दोन्ही रात्री, मुंबईहून उतरताना आणि कोचीकडे जाताना, कॅमेरा लावणार. पुढच्या टोकाला ब्रिजसमोर (जहाज चालवतात त्या खोलीसमोर) दिवे कमी ठेवतात, नाहीतर नाविकांनाच समोरचं दिसत नाही. तिथे प्रवाशांना जाऊ देतात का, हे तिकीट काढण्याआधी विचारणार आहे. मागच्या खेपेला वरच्या डेकवरच्या झगझगीत दिव्यांनी माझी पहिली रात्र घालवली.

दुर्बिणीबद्दल परत विचारणाऱ्यांना : डेकवर ७×५० च. १०×५० मध्ये डुलणंही दहापट होतं. कोपर पोटाशी, गुडघे थोडे वाकवून उभं राहा, आणि खाऱ्या तुषारांवर आधी ब्लोअर, मगच कापड.

पौषापर्यंत वाट पाहवणार नाही. माजलगाव धरणाच्या काठावर ओळखीच्या एका भोई काकांची होडी बांधलेली असते. चैत्र अमावास्येला तिच्यात बसून त्रिशंकू या तारकासमूहावर प्रयोग करायचं ठरवलं आहे. त्याचा सर्वांत खालचा तारा आठ अंशांवरच असतो, पण दक्षिणेला तिथे नुसतं पाणी आहे. घोंगडी आणि डाळीची पिशवी आजच झटकून ठेवली.