साडेचोवीस हजारांपैकी नऊ हजार तीनशे

बँकेत ३४ वर्षं कॅशवर बसले. खोटी नोट बोटांना लागताच कळायची. मोबाइलला कसली बोटं लागणार!

आईला दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे जिने झेपेनात, म्हणून कारेलीबागेत तळमजल्याची जागा शोधत होते. जाहिरात सापडली. भाडं ११,०००, फोटोत पितळी कड्यांचा झोपाळा. बडोद्याच्या माणसाला झोपाळा दाखवला की तो अर्धा फसलाच.

मालक म्हणे लष्करात, बदली जम्मूला. ओळखपत्राचा फोटोही आला. जागा बघायला गेटपास हवा, त्याचे २,५००, नंतर परत मिळणारे. मग ‘आणखी दोन पार्ट्या तयार आहेत’ म्हणून डिपॉझिट २२,०००. मग ‘रक्कम सिस्टीमला चढली नाही, पुन्हा बावीस टाका, आधीचे आपोआप परत येतील.’ इथे माझ्यातली कॅशियर जागी झाली. नोंद चुकली तर रिव्हर्स एंट्री करतात, गिऱ्हाइकाकडे दुसऱ्यांदा भरणा मागत नाहीत.

तेव्हा वाजले होते सव्वाबारा. सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन केला साडेपाचला. मधे काय केलं? आईला जेवायला वाढलं, शेवउसळीचे वाटाणे शिजवले, भावाला कळलं तर काय म्हणेल याच्या उजळण्या केल्या. लाज वाटत होती, दुसरं काय!

फोनवर त्यांनी यूटीआरचे, म्हणजे व्यवहार क्रमांकाचे, बारा आकडे विचारले. तिथून बँकांना निरोप जातो आणि खात्यात जे उरलं असेल ते अडकवतात, त्याला आम्ही लीन म्हणायचो. तोवर माझे पैसे दोन खाती ओलांडून गेले होते. तिसऱ्यात ९,३०० सापडले.

सायबर पोलिसात एका पोराने विचारलं, ‘‘बेन, ओटीपी आप्यो हतो?’’

‘‘ना भाई, पिन में ज नाख्यो.’’

बँकेनेही तेच धरलं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला वाचवायचं ते त्याच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. पिन स्वतः टाकला की विषय संपला. काउंटरच्या आतून हे मी कितीजणांना ऐकवलं होतं, तेही चष्मा न काढता.

अडकलेले पैसेही तेव्हा आपोआप येत नव्हते, कोर्टाचा हुकूम लागायचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली अर्ज करायचे, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ५०३. आमच्या पिढीला कोर्ट म्हणजे सुरसागरसमोरचं न्यायमंदिर. आता रिक्षा करून दिवाळीपुऱ्याला जायचं. पोलिसांचा अहवाल, पासबुकाचा उतारा, आणि उद्या दुसऱ्याचा हक्क निघाला तर रक्कम परत करीन असं हमीपत्र. माझ्याच पैशांसाठी मीच हमी!

मधेच एकाचा फोन आला. उरलेले १५,२०० काढून देतो, फाइल चार्ज १,५००. माझी तक्रार त्याला कुठून कळली कोण जाणे. म्हटलं, आधी पैसे जमा कर, चार्ज त्यातून कापून घे. फोन ठेवला त्याने.

पाचव्या महिन्यात ९,३०० जमा झाले. मुद्दाम शाखेत जाऊन पासबुकात छापून आणले.

जागा शेवटी मांजलपूरला मिळाली, आईच्या भजनी मंडळातल्या ओळखीने. झोपाळा नाही. भाऊ म्हणतो, बसवून घेऊ, पंधराएक हजारात होईल. मी नुसती हं म्हणाले.