टेक्सासचा किनारा आरव्हीने: ट्रान्स्फर स्विचमधल्या मुंग्या आणि अर्धी गेलेली वीज

ह्यूस्टनहून हायवे ३५ ने गूस आयलंड, तिथून पोर्ट अरान्ससची फेरी ओलांडून मस्टँग आयलंड आणि शेवटी पॅड्रे आयलंडवरचा मॅलाकीट कॅम्पग्राउंड, असा हा सहा दिवसांचा मार्ग. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा त्याला उत्तम. उकाडा उतरलेला असतो आणि कॅनडातून सुमारे ४,००० किलोमीटर उडत येणारे हूपिंग क्रेन अरान्ससच्या दलदलीत उतरायला लागतात. गूस आयलंडजवळचा हजार वर्षांहून जुना ओक मुद्दाम थांबून पाहावा. रस्ता सोपा आहे, फेरी फुकट आहे, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिहायचं आहे ते विजेबद्दल, कारण या किनारपट्टीवर आरव्ही (आत राहता येणारी मोठी गाडी) नेणाऱ्याला मुंग्या आज ना उद्या गाठतातच.

लक्षण असं होतं. ५० अँपिअरची केबल कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबाला जोडली. पुढचा एसी चालू, मागचा बंद, मायक्रोवेव्हचं घड्याळ काळं. गाडीतला एकही ब्रेकर पडलेला नव्हता, खांबावरचाही नाही. जनरेटर लावला की मात्र सगळं ठणठणीत. इथंच अर्धं निदान होतं. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन स्वतंत्र फेज येतात, प्रत्येकी १२० व्होल्ट, आणि दोघींमध्ये मिळून २४०. एक फेज गेली की गाडीचा निम्मा भाग मरतो. खांबावर दोन्ही फेज मीटरने नीट दिसत असतील आणि जनरेटरवर सगळं चालत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा ट्रान्स्फर स्विचच्या (बाहेरची वीज घ्यायची की जनरेटरची, हे बदलणारा डबा) बाहेरच्या विजेकडील कॉन्टॅक्टरमध्येच (कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच) असतो. केबलच्या गाडीकडच्या टोकाला दोन्ही फेज मिळाल्या. म्हणजे उरला स्विच.

गेलेल्या फेजवर कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा) असेल तर दोष लगेच कळत नाही. दिवे १२ व्होल्टवर चालत राहतात आणि बॅटरी हळूहळू उतरते. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १३.६ च्या आसपास दिसायला हवं. केबल जोडलेली असून १२.५ किंवा कमी दिसलं तर कन्व्हर्टरला वीज पोचत नाही असं समजावं.

आता खरी धोक्याची गोष्ट. बऱ्याच ५० अँपिअरच्या ट्रान्स्फर स्विचमध्ये दोन फेजबरोबर न्यूट्रलही (वीज परत नेणारी, दोघींची सामाईक तार) कॉन्टॅक्टरमधून जातो. मुंग्यांनी फेजचा कॉन्टॅक्ट अडवला तर उपकरणं नुसती बंद पडतात. न्यूट्रलचा अडवला तर ती जळतात. न्यूट्रल तुटला की दोन्ही फेजवरची उपकरणं एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात रोधाच्या प्रमाणात वाटले जातात. एका बाजूला १० ओहमचा हीटर आणि दुसऱ्या बाजूला ३० ओहमची उपकरणं असतील, तर हीटरला ६० व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या बाजूला १८०. टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, चार्जर, सगळं काही क्षणांत जाऊ शकतं. खांबाला लावायचा संरक्षक इथं उपयोगाचा नाही, कारण तो स्विचच्या आधी बसतो आणि त्याच्या पुढं तुटलेला न्यूट्रल त्याला दिसत नाही. म्हणून एक फेज गेल्याचं दिसताच आधी मुख्य ब्रेकर पाडा, केबल काढा, मग विचार करा. 'अर्ध्या विजेवर रात्र काढू, सकाळी बघू' हे करू नका. आज फेज अडली आहे, त्याच डब्यात दोन सेंटिमीटरवर न्यूट्रलचा कॉन्टॅक्ट आहे.

भाड्याची आरव्ही असेल तर इथंच थांबून मालकाला फोन करावा. आपल्याकडची बरीच कुटुंबं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भाड्याचीच गाडी घेतात. ट्रान्स्फर स्विच उघडणं त्यांच्या करारात बसत नाही आणि विम्यातही बसत नाही.

स्वतःची गाडी असेल आणि मीटर हाताळायची सवय असेल, तर काम साधारण तीन तासांचं. लागणारं सामान: कॅट-३ (मीटरचा सुरक्षा दर्जा), ६०० व्होल्टचा मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच, शक्यतो टॉर्क दाखवणारा, नायट्राइलचे हातमोजे दोन-तीन जोड, बारीक प्लॅस्टिकच्या तोंडाचा व्हॅक्यूम, ९१ टक्के किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल, बांबूच्या काड्या आणि जाड कागदाच्या पट्ट्या, इलेक्ट्रिशियन वापरतात ती डक्ट सीलची पुट्टी एक पाऊंड, बादली आणि भांड्यांचा साबण.

खांबावरचा ब्रेकर पाडा, केबल उपसून डोळ्यांसमोर ठेवा. जनरेटर बंद करा आणि तो आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर तीही बंद करा. बॅटरी उतरली म्हणून जनरेटर मध्येच सुरू झाला तर तुमचे हात १२० व्होल्टवर असतील. इन्व्हर्टरही बंद. मग मीटर आधी गाडीबाहेरच्या, वीज असलेल्या एखाद्या सॉकेटवर तपासा, त्यानंतर झाकण काढून स्विचच्या प्रत्येक टर्मिनलवर शून्य आहे का पाहा आणि पुन्हा चालू सॉकेटवर तपासा. तिसरी तपासणी लोक गाळतात. मीटरच मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो.

झाकण उघडण्याआधी तारांच्या बाजूंचा फोटो काढा, उघडल्यावर आणखी एक. या डब्यात वरच्या पट्टीवर करड्या-तपकिरी भुशाचा ढीग होता, त्यात साबुदाण्याच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या. एल-१, म्हणजे पहिल्या फेजच्या (दुसरी एल-२), कॉन्टॅक्टच्या दोन चकत्यांमध्ये मेलेल्या मुंग्यांचा दाबून बसलेला थर, करपलेल्या तिळाच्या वडीसारखा. अळ्या होत्या म्हणजे वसाहत बहुधा प्रवासात चढलेली नव्हती. गाडी उन्हाळाभर गवतावर उभी होती, तेव्हाच तिनं घर केलं असावं.

मुंगी कोणती हे ओळखणं कामाचं आहे. टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन जाती विजेच्या डब्यात शिरतात. पहिली लाल 'फायर अँट'. ती मातीचं भुसभुशीत वारूळ करते, वारुळाच्या माथ्यावर भोक नसतं आणि डिवचलं की शेकडोंनी अंगावर चढते. चावल्यावर दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी डबा उघडूच नये. दुसरी 'टॉनी क्रेझी अँट', सुमारे ३ मिलिमीटरची, तांबूस. ती रांगेत न चालता वेड्यासारखी सैरावैरा पळते. ह्यूस्टनजवळच्या पासाडेना इथं टॉम रॅसबेरी या कीटकनियंत्रकाला ती २००२ साली आढळली, म्हणून तिथले लोक तिला रॅसबेरी मुंगी म्हणतात. ती डंख मारत नाही आणि वारूळही करत नाही. पण एका वसाहतीत अनेक राण्या असतात आणि संख्या अफाट. या डब्यात तीच होती.

मुंग्या विजेसाठी म्हणून येत नाहीत, कोरडी, उबदार, अंधारी जागा शोधत येतात. पण एखादी दोन टर्मिनलांमध्ये अडकून शॉक लागून मेली की मरताना धोक्याचा गंध सोडते. तो हुंगून बाकीच्या हल्ला करायला तिथंच धावतात, त्याही मरतात, आणखी गंध सुटतो. असा ढीग वाढत जातो आणि एक दिवस कॉन्टॅक्ट पूर्ण मिटत नाही. कॉन्टॅक्टर अर्धवट ओढला गेला तर अल्टरनेटिंग करंटवर चालणारी त्याची कॉइल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते, तापते आणि जळते. त्याचा आवाज ओळखता येतो. निरोगी स्विच केबल जोडल्यावर एकदा 'खट्' करतो आणि बारीक गुणगुणतो. मुंग्यांनी अडवलेला मोठ्यानं घरघरतो. अशी घरघर कानावर आली की लगेच वीज तोडावी.

स्प्रे मारू नका. मुंग्या मारायच्या बहुतेक फवाऱ्यांतला वायू ज्वलनशील असतो, आणि मागं राहणारा तेलकट थर कॉन्टॅक्टवर बसून पुढचा बिघाड तयार करतो. भारतातून येताना बॅगेत मुंग्या मारायचा खडू आणलेला असेल तर तोही वापरू नका. अमेरिकेत असा खडू विकणं बेकायदा आहे, आणि मुलं तो पाटीवरचा समजून हातात घेतात.

व्हॅक्यूमनं अळ्या, भुसा, मुंग्या सगळं ओढून घ्या आणि पिशवी लगेच साबणाच्या पाण्यात बुडवा. लिटरला दोन मोठे चमचे साबण पुरतो. पिशवी तशीच ठेवली तर तासाभरात त्या बाहेर येतात. करपलेला थर व्हॅक्यूमनं निघत नाही. तो बांबूच्या काडीनं सोडवा, मग अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी चकत्यांमध्ये घालून कॉन्टॅक्ट हलकेच दाबून ओढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत दहा-बारा वेळा. एल-१, एल-२ आणि न्यूट्रल, तिन्ही, आणि जनरेटरच्या बाजूचेही. मेलेल्या मुंग्यांचा गंध मागं राहिला तर नव्या तिथंच येतात, म्हणून डब्याच्या आतल्या भिंतीही पुसा.

पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका. कॉन्टॅक्टवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो. त्यावरचा काळेपणा वीज अडवत नाही, घासल्यानं मात्र थर जातो. चकती खोल खड्ड्यांची झाली असेल, कडेला धातू वितळून गुठळी झाली असेल, किंवा कॉइलवरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका, स्विच बदला. टर्मिनलजवळ तारेचं आवरण कडक झालं असेल तर तेवढा तुकडा कापून तांबं नव्यानं सोलून घ्या. समुद्राच्या हवेत त्या तारा हिरव्या पडलेल्या असतातच. सगळे स्क्रू डब्यावरच्या पट्टीवर छापलेल्या टॉर्कनं आवळा आणि प्रत्येक तार ओढून पाहा. मग अर्धा तास झाकण उघडं ठेवून अल्कोहोल पूर्ण उडू द्या.

भोकं बुजवताना सिलिकॉन वापरायचा मोह होतो. तो टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंज आणतं, आणि सिलिकॉनची वाफ ठिणगीच्या उष्णतेत कॉन्टॅक्टवर काचेसारखा न वाहणारा थर धरते. डक्ट सीलची पुट्टी केबल शिरते त्या प्रत्येक भोकाभोवती बाहेरून दाबा. हवा जाण्याचे खाचे बुजवू नका.

झाकण लावल्यावरच वीज द्या. आधी गाडीतले सगळे ब्रेकर पाडून केबल जोडा आणि पॅनेलमधले दोन मुख्य ब्रेकर चालू करा. एकेका फेजवरचं एक सॉकेट चालू करून दोन्हीकडं मोजा. दोन्हीकडं जवळपास सारखे, १२० च्या आसपास व्होल्ट हवेत. एक चढलेला आणि एक उतरलेला दिसला तर न्यूट्रल अजून नीट नाही, लगेच बंद करा. सारखे असतील तर एका फेजवर दीड हजार वॅटचा हीटर लावून पुन्हा मोजा. हीटरच्या फेजचा आकडा थोडा उतरला आणि दुसरीचा जवळपास तसाच राहिला तर चालेल. एक उतरला आणि दुसरा ठळकपणे वर गेला तर न्यूट्रल ढिला आहे. भार असताना खांबावरचा आणि आतल्या सॉकेटवरचा फरक तीन-चार व्होल्टच्या आत हवा. एसी सगळ्यांत शेवटी, एकेक करून.

इतकं करूनही चढायची वाट उघडी राहिली तर आठवड्यात तेच होतं. मुंगी जमिनीला टेकलेल्या प्रत्येक वस्तूवरून चढते: वीज केबल, पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, टायर, जॅक. केबल गवतात पसरू नका. खांबापासून गाडीपर्यंत आधारांवर उचलून घ्या आणि जास्तीची गुंडाळी आत ठेवा. जोडण्याआधी खांबाचं झाकण उघडून टॉर्चनं पाहा. मुंग्या किंवा गांधीलमाशीचं पोळं दिसलं तर पार्कच्या माणसाला सांगून दुसरी जागा मागा. सरकारी पार्कात स्वतः विष टाकायची परवानगी धरून चालू नका. चकलीचा चुरा, सांडलेलं सरबत, कुत्र्याचं खाणं रात्री बाहेर राहू देऊ नका.

मॅलाकीटला वीज-पाण्याची जोडणीच नाही, त्यामुळे तिथं जनरेटरच्या बाजूच्या कॉन्टॅक्टची परीक्षा होते. पाण्याची टाकी आधी भरून न्या.

परतल्यावर गाडी गवतावर उभी करू नका, काँक्रीट किंवा खडी शोधा. फायर अँट असेल तर आजूबाजूच्या जमिनीवर दाणेदार आमिष कोरड्या दिवशी, मुंग्या बाहेर फिरत असताना टाकावं. बटाट्याचा वेफर ठेवून अर्ध्या तासात मुंग्या चढल्या तर वेळ बरोबर आहे. क्रेझी अँट या आमिषाला फारशी भुलत नाही, तिच्यासाठी परवानाधारक कीटकनियंत्रक बोलवा. गाडी उभी असेपर्यंत महिन्यातून एकदा वीज तोडून ट्रान्स्फर स्विचचं झाकण उघडा. पाच-दहा मुंग्या दिसल्या तरी त्याच दिवशी व्हॅक्यूम आणि अल्कोहोल.