लेकीचं नाव आणि ओताका-सान

इथे जपानमध्ये बाळाच्या जन्माची नोंद चौदा दिवसांत करावी लागते. अकराव्या दिवशी मी पालिकेच्या कचेरीत गेलो. लेकीचं नाव बायकोच्या कोसेकीत, म्हणजे इथल्या कुटुंबाच्या नोंदवहीत, चढलं. त्या वहीत मी कुटुंबातला म्हणून नाही. परदेशी नवऱ्याचा उल्लेख बायकोच्या नोंदीत लग्नाच्या तपशिलापुरता आणि मुलीच्या नोंदीत बाप म्हणून, एवढाच. रेशनकार्डावर वर बाबांचं आणि खाली आमची नावं बघत वाढलेल्या माणसाला हे लागतं. मला लागलं.

संध्याकाळी निशिनोमियाला सासूबाईंकडे मी ते बोलून दाखवलं. त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं नाव सोडा. लग्नाच्या वर्षी मला मूल झालं असतं आणि नवरा परदेशी असता, तर मुलाचंसुद्धा नाव चढलं नसतं."

मला हे माहीतच नव्हतं. ३१ डिसेंबर १९८४ पर्यंत जपानी नागरिकत्व बापाकडून मिळायचं. आई जपानी आणि बाप परदेशी असेल, तर मूल जन्मभूमीतच परकं. ओकिनावात अमेरिकी सैनिकांपासून झालेल्या कित्येक मुलांना तर कुठलाच देश नव्हता. आई घरात, शाळा समोर, भाषा तोंडात, आणि कागदावर काहीच नाही. १९८४ मध्ये कायदा बदलला, १ जानेवारी १९८५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं. संसदेत हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्यांत समाजवादी पक्षाच्या ताकाको दोई होत्या. सासूबाईंच्या भागातूनच त्या निवडून यायच्या. इथली माणसं त्यांना ओताका-सान म्हणत.

'आपल्याकडे असं नव्हतं,' असं मी म्हणणार होतो. जिभेवर आलंही होतं. इंदिराबाई १९६६ मध्येच पंतप्रधान झाल्या, हे मी इथे अनेकदा ऐकवलं आहे. घरी येऊन शोधलं, तर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. जपाननंतर जवळजवळ आठ वर्षांनी. तरी इंदिराबाईंचा अभिमान मी सोडणार नाही. पण महाराष्ट्राला अजून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

दोईबाईंचा जन्म कोबेचा, १९२८ चा. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात त्यांनी राज्यघटना शिकवली आणि युद्धाचा त्याग करणारं नववं कलम आयुष्यभर जपलं. १९६९ मध्ये खासदार, १९८६ मध्ये पक्षाध्यक्ष. जपानमधल्या मोठ्या पक्षाची ती पहिली महिला अध्यक्ष. एप्रिल १९८९ मध्ये तीन टक्के उपभोग कर आला, तेव्हा त्यांचं वाक्य होतं 'दामे ना मोनो वा दामे', जे चालणार नाही ते चालणारच नाही. बाजारहाट करणाऱ्या बायकांना ते पटलं. जुलैच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत समाजवाद्यांना ४६ जागा, सत्ताधाऱ्यांना ३६, आणि एकदम २२ बायका निवडून आल्या. 'यामा गा उगोइता,' दोईबाई म्हणाल्या. डोंगर हलला. ऑगस्टमध्ये वरिष्ठ सभागृहाने पंतप्रधानपदासाठी त्यांचंच नाव निवडलं. कनिष्ठ सभागृहाचं मत वरचढ ठरतं, म्हणून ते पद गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरात साने ताकाइची पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बराच वेळ गप्प होत्या. आता कळतं का.

१९९३ मध्ये दोईबाई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तिथे अध्यक्षांनी खासदारांना नावापुढे 'कुन', म्हणजे बरोबरीच्या किंवा धाकट्या पुरुषाला लावायचा शब्द, लावून पुकारायची रीत होती. बाईंनी सगळ्यांना आदराचं 'सान' म्हटलं. अहो-जाहोत वाढलेल्या आपल्याला यातलं वजन कळेल.

नंतर पक्ष आटत गेला. उत्तर कोरियाने जपानी माणसं पळवली, हे त्यांच्या पक्षाने फार काळ मानलंच नाही. २००२ मध्ये उत्तर कोरियानेच कबुली दिली. ती चूक मोठी होती, तिचं समर्थन मी करणार नाही. सासूबाईही करत नाहीत. २००३ मध्ये फक्त सहा जागा आल्या आणि बाईंनी अध्यक्षपद सोडलं. २०१४ मध्ये त्या गेल्या.

आत्याने परवा फोनवर विचारलं, "मग पोरगी आपली की त्यांची?" भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही, म्हणून तिच्यासाठी ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज भरतो आहे. मी मात्र भारतीय पासपोर्ट ठेवला आहे. तो बदलला तर कोसेकीत माझंही नाव येईल, पण तेवढ्यासाठी मी तो सोडणार नाही, आणि यात मला काही चूक वाटत नाही.

येत्या मतदानाला सासूबाई नातीला कडेवर घेऊन केंद्रात जाणार आहेत. मुलांना आत नेता येतं. मला इथे मत नाही, मी बाहेर बाबागाडी धरून थांबेन.