साक्षीदार म्हणून सही

नागपुरातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत एक गोष्ट बऱ्याचदा ऐकू येते: आमच्या मूळपुरुषाला बाप्तिस्मा खुद्द हिस्लॉप साहेबांनी दिला. आमच्याकडेही ती होती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी जमवली, दगडांतले जीवाश्म हुडकले आणि 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. माझ्या पणजोबांचा, म्हणजे आजीच्या वडिलांचा, बाप्तिस्मा 1897 चा. मधल्या 34 वर्षांचा हिशेब मी आत्याला समजावून सांगितला. ती म्हणाली, "रजिस्टर लिहिणारा माणूसच होता ना? चुकला असन." यावर काय बोलणार!

पाळकसाहेबांच्या परवानगीनं ते रजिस्टर चर्चच्या ऑफिसात बसून पाहता आलं. तिथल्या बाईंकडे लोक बाप्तिस्म्याचा उतारा मागायला येतात तो पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी, पोरांच्या शाळेसाठी. मेलेल्या माणसाची नोंद कोणी नुसती बघायला येतं हे त्यांना पटेना. "प्रॉपर्टीचं काही आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता संपली, पण चहा मात्र आला.

वही दोन हातांनी उचलावी लागे अशी. कण्याला चामडं, खालचा कोपरा वाळवीनं नेलेला. शिक्क्यांवरून मिशनची नावं बदलत जाताना दिसतात: आधी फ्री चर्च, 1900 नंतर युनायटेड फ्री चर्च, 1929 नंतर चर्च ऑफ स्कॉटलंड. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. स्कॉटलंडात भांडणं मिटली की नागपुरात रबरी शिक्का नवा यायचा. रकाने मात्र तेच राहिले.

पणजोबांची ओळ अशी: वय अंदाजे 8. वडिलांचं नाव माहीत नाही. आईचं नाव माहीत नाही. राहणार मिशनच्या अनाथालयात. वर-खाली त्याच दिवशीच्या, त्याच अक्षरातल्या ओळी, आणि तिथंही माहीत नाही, माहीत नाही. 1896-97 चा दुष्काळ मध्य प्रांतात जबर होता आणि रस्त्यावर पडलेली पोरं मिशनवाल्यांनी गोळा केली होती. आता इतक्या पोरांना नावं कुठून आणायची? पाळकांनी बायबल पहिल्या पानापासून उघडलं असावं. ओळीनं आदाम, नोहा, अब्राहाम, इसहाक, याकोब. आमचे पणजोबा बऱ्याच खाली आले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला एक संदेष्टा आला.

म्हणजे आमची वंशावळ इथं ठप्प झाली. शेजारच्या काकू त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्या, उपाध्यायांच्या चोपडीत त्यांना सासरच्या सात पिढ्या मिळाल्या. मला हेवा वाटला, नाही असं नाही. पण सातव्या पिढीतला पुरुष काय करायचा, कुठं राहायचा, कशानं गेला, हे विचारल्यावर काकू गप्प झाल्या. नाव होतं, एवढंच. माझ्याकडे पिढ्या कमी, पण चर्चचा कारकून चौकस होता. धंदा, पत्ता, मृत्यूचं कारण, सगळं त्याला हवं असायचं.

गंमत अशी, की पणजोबा स्वतःच्या ओळीत जेमतेम आहेत. ते सापडतात दुसऱ्यांच्या ओळींत. मुलांच्या बाप्तिस्म्यांत बापाचा धंदा लिहावा लागतो. पहिल्या मुलीच्या वेळी, 1912 ला, पणजोबा सुतार, राहणार गड्डीगोदाम. 1915 ला मुलगा झाला तेव्हा फिटर, राहणार मोतीबाग. म्हणजे मधल्या तीन वर्षांत अनाथालयात शिकलेली सुतारकी सोडून ते बी.एन.आर.च्या, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेच्या, वर्कशॉपात लागले होते. कोणी लावलं, किती मिनतवाऱ्या केल्या, ते रकान्यात मावलेलं नाही.

दफनाची वही मी उगीच चाळायला घेतली. वर्षाला दोन-चार पानं भरायची. ऑक्टोबर 1918 ला मात्र पानामागून पान उलटत गेलो. कारणाच्या रकान्यात वर एकदा इन्फ्लुएन्झा लिहिलेलं, आणि खाली पान संपेपर्यंत नुसत्या दोन-दोन रेघा. लिहिणाऱ्याला तो शब्द पुन्हा पुन्हा लिहायलाही सवड नव्हती. त्या रेघांमध्ये एका ओळीत पणजोबांची पहिली मुलगी, वय 6.

1920 ला दुसरी मुलगी झाली, ती माझी आजी. तिला पहिलीचंच नाव ठेवलं होतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली चाळणी खाली ठेवली. आजीला माहेरची सगळी माणसं 'धाकटी' म्हणायची. बहिणीत एकुलती एक असून धाकटी कशी, हे घरात कोणी विचारलं नव्हतं, आणि आजीनंही कधी सांगितलं नाही. तिला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

लग्नाच्या वहीत पणजोबा इतक्या वेळा भेटतात, की शेवटी मी पान उलटल्यावर आधी साक्षीदारांचीच जागा बघू लागलो. नवरा-नवरीपैकी एकाच्या बापाचा रकाना 'माहीत नाही' असला, की खाली हटकून त्यांची सही. सोबतची पोरं मोठी होऊन लग्नं करत होती. कोणी माळी, कोणी मिशन दवाखान्यात कंपाउंडर, कोणी शाळेत मास्तर. बाप नसलेल्यांच्या बाजूनं उभं राहायला हे जात असावेत. सुरुवातीच्या सह्या शाळेतल्या कित्त्यासारख्या, अक्षर न् अक्षर सुटं. मग ती एका झटक्यात मारलेली, शेवटी शेपटी काढलेली सही होते. रेल्वेत पगाराच्या कागदावर सही करून करून हात बसला असेल, किंवा साक्षीदार होऊन होऊन.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाची नोंद 1911 ची. नवरी राहणार कामठी, बाप पलटणीत बटलर, आणि त्या बापाचं नाव सरळसरळ दक्षिणेकडचं. कामठीच्या छावणीत कितीतरी वर्षं मद्रासी पलटणी होत्या. त्यांच्याबरोबर तमिळ-तेलुगू ख्रिस्ती कुटुंबं आली आणि इथलीच झाली. आजीच्या चिंचेच्या सारात मिरे इतके का असायचे, याचा उलगडा मला वयाच्या पन्नाशीत असा झाला.

पणजी बहुधा कॅथलिक. कॅथलिक चर्चात बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, पुढं झालेलं लग्नही लिहितात. पण प्रोटेस्टंट पाळकापुढं लावलेलं कॅथलिक माणसाचं लग्न 1908 पासून त्यांना मान्यच नव्हतं. तेव्हा पणजीचा समास कोरा असेल, की कोणा फादरनं रागानं दोन शब्द खरडले असतील, हे आता बघायचंय. त्या वह्या लॅटिनमध्ये. कामठीला फोन केला तर म्हणाले, रंगकाम सुरू आहे, कपाटं व्हरांड्यात काढलीत, पाऊस लागायच्या आत या. आत्याही येतो म्हणते. तिच्या नर्सिंगच्या बॅचची मैत्रीण तिकडे राहते, आणि त्या मैत्रिणीकडे रविवारी एक निवृत्त फादर जेवायला येतात, त्यांना लॅटिन वाचता येतं म्हणे.